त्या वेळी जवळ कोण होतं?

गेल्या पावसाळ्यात चिकोडी तालुक्यातल्या एका पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात मुलामुलींशी बोलायला गेले होते. मी मेंदूची डॉक्टर, त्यामुळे विषय त्यांनीच ठरवला होता, मेंदू. वर पत्रे, बाहेर मुसळधार पाऊस, त्यामुळे माईक असूनही घसा ताणून बोलावं लागत होतं आणि मागच्या बाकांपर्यंत किती पोचतंय याचा अंदाज येत नव्हता. कार्यक्रम संपला, चहा झाला, शाल-नारळ झाला, मुलं पांगली. एक मुलगी तेवढी दाराशी थांबली होती. सायन्सची, पीयूच्या दुसऱ्या वर्षाची. प्रश्न तिने वहीत लिहूनच आणले होते. "मॅडम, न्यूरोसायन्स आणि न्यूरॉलॉजी एकच काय? आणि मेंदूचं शिकायचं तर डॉक्टरच व्हायला लागतं का?" असे नेमके प्रश्न फार कमी वेळा येतात. आम्ही व्हरांड्यातच बाकावर बसलो. बोलता बोलता तिला न्यायला तिची आई आली. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, घोट्यापर्यंत चिखल, हातात मिटलेली छत्री, ती लेकीसाठी आणलेली. एमबीबीएस, एमडी, डीएम, पीएचडी, बेंगळूर, पुणे असं आमचं चाललेलं ती उभ्यानेच ऐकत होती. मग कुठलाही तक्रारीचा सूर नसताना, बस कधी आहे विचारावं इतक्या सहज तिने विचारलं, "एवढं शिकल्यावर ही परत इकडं यील का वो? का तिकडंच ऱ्हाईल?"

मुलगीही माझ्याकडेच बघत होती.

"ते तिच्यावर आहे, मावशी," असं मी म्हणाले, आणि ते खरंच आहे. पण परतीच्या वाटेवर संकेश्वर मागे पडलं, वंटमुरीचा घाट आला, तरी तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्या बाईला धोरण, आकडेवारी, ग्रामीण आरोग्य यातलं काही नको होतं. पोरगी परत दिसेल का, एवढंच तिला हवं होतं. माझ्या आईने मला हा प्रश्न कधी विचारला नाही. विचारायची वेळ आली तेव्हा मी बेंगळूरला होते आणि फोनवर ती एवढंच म्हणायची, "जेवलीस का?"

मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. संध्याकाळी ती दारात येण्याआधी तिचा वास घरात यायचा. पदरात, केसात, डब्याच्या फडक्यात, सगळीकडे तोच खवखवणारा, डोळ्यांना झोंबणारा वास. नाकाला पदर घट्ट बांधून बायका दिवसभर तंबाखू चाळायच्या आणि तरी घरी येऊन तासभर शिंकायच्या. तंबाखूच्या भावासाठी झालेल्या 1981 च्या आंदोलनाच्या गोष्टी आमच्या गल्लीत अजून सांगतात, पण त्या शेतकऱ्यांच्या. वखारीतल्या बायकांच्या गोष्टी वेगळ्या. त्यातली एक मला लहानपणापासून पाठ होती. कामावर नवी बाई आली की पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तिला गरगरायचं, तोंडाला पाणी सुटायचं, ओकाऱ्या व्हायच्या, हात कापायचे. जुन्या बायका तिला सावलीत बसवायच्या, लिंबू द्यायच्या आणि म्हणायच्या, "तंबाखू लागली तिला." आठवड्याभरात तीच बाई त्याच धुळीत बसून गप्पा मारत काम करायची. हे असं का होतं, याची चौकशी कुणी करत नव्हतं. लागते म्हणजे लागते.

बेळगावला मेडिकलच्या पहिल्या वर्षाला फिजिऑलॉजीच्या तासाला सरांनी फळ्यावर मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात त्या जागेचं चित्र काढलं. दोघांमध्ये बारीकशी फट. तंतूच्या टोकातून असिटिलकोलिन नावाचं रसायन त्या फटीत सुटतं, पलीकडच्या रिसेप्टरला चिकटतं, आणि स्नायू आखडतो. आपण बोट उचलतो, गिळतो, श्वास घेतो, ते सगळं या फटीवरून. आणि मग सरांनी त्या रिसेप्टरचं नाव लिहिलं, निकोटिनिक. केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांनी निकोटिन वापरून या जागेचा शोध घेतला होता. 1905 मध्ये त्यांनी दाखवलं की कोंबड्याच्या स्नायूकडे जाणारा मज्जातंतू तोडला, तो पार निकामी झाला, तरी निकोटिन लावलं की स्नायू आखडतो. म्हणजे ते ओळखणारं काहीतरी स्नायूतच बसलेलं आहे. त्या काहीतरीला पुढे रिसेप्टर म्हणू लागले आणि आजचं अर्धं औषधशास्त्र त्यावर उभं आहे. वर्गात सगळे लिहून घेत होते. मला मात्र त्या तासभर वखारीचा वास येत होता. सावलीत बसवलेल्या त्या बाईच्या अंगात काय चाललं होतं ते फळ्यावर दिसत होतं. तिच्या आतड्यांकडे, हृदयाकडे जाणाऱ्या नसांच्या गाठींमधले, मेंदूतले, सगळे निकोटिनिक रिसेप्टर एकाच वेळी जागे झाले होते. आणि आठवड्याभराने ते त्या माऱ्याला सरावले होते, बधिर झाले होते. माझ्या आईचे सुद्धा.

त्या दिवशी मी हा विषय निवडला, असं मी मनाशी धरून चालले आहे. प्रत्यक्षात निवड पुढे बऱ्याच वर्षांनी झाली.

कारण त्याच फटीवर पुढे आणखी दोन गोष्टी भेटल्या. पहिली मण्यार. आमच्या भागात ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही, पहाटे पोट दुखतं म्हणून माणूस उठतो आणि तोवर पापण्या मिटायला लागलेल्या असतात. इंटर्नशिपमध्ये असा एक पोरगा पाहिला. डोळे मिटलेले, जबडा लोंबलेला, घरच्यांनी रडारड सुरू केलेली. ड्यूटीवरच्या सिनियरने त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, "ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलव." अंगठा किंचित हलला. तो पूर्ण शुद्धीत होता, सगळं ऐकत होता. फक्त त्या फटीवरचा निरोप विषाने तोडला होता. व्हेंटिलेटरवर दिवस काढले आणि तंतूंची टोकं पुन्हा सावरली तसा तो उठून बसला. दुसरी गोष्ट मायस्थेनिया. सकाळी धडधाकट असलेली बाई संध्याकाळी भाकरी चावता चावता दमते, पापणी खाली येते, शब्द नाकातून यायला लागतात, आणि घरचे म्हणतात कामचुकारपणा करते. तिच्या शरीराने स्वतःच्याच निकोटिनिक रिसेप्टरविरुद्ध अँटिबॉडी तयार केलेल्या असतात. हे कळलं कसं? तैवानमधल्या मण्यारीच्या विषातला एक घटक या रिसेप्टरला घट्ट चिकटतो, त्याच्या मदतीने 1970 च्या सुमारास हा रिसेप्टर वेगळा काढता आला. मग 1973 मध्ये, विजेचा धक्का देणाऱ्या ईल माशापासून मिळवलेला रिसेप्टर सशांना टोचला तर ससे लुळे पडले, मायस्थेनियाच्या रोग्यांसारखे. निपाणीची तंबाखू, बांधावरची मण्यार आणि संध्याकाळी पापणी मिटणारी बाई, तिन्ही एकाच ठिकाणी येऊन भेटतात. मला यापेक्षा सुंदर काही माहीत नाही.

त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. लँग्ली, ससे, मासे, हे न्यूरोसायन्स. चेतापेशी काम कशी करते, आठवण साठते कशी, झोप का लागते, हे शोधणं. त्यासाठी डॉक्टर व्हावं लागत नाही. विज्ञानाची पदवी घेऊन, आयसरसारख्या विज्ञान संस्थेत शिकून, पुढे बेंगळूरच्या आयआयएस्सी, एनसीबीएस या संशोधन संस्थांत किंवा मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरमध्ये पीएचडी करता येते. फिजिक्सवाले, कॉम्प्युटरवाले, मानसशास्त्रवाले, सगळे तिथे लागतात. माझी एक मैत्रीण उंदराच्या मेंदूतल्या एका पट्टीवर, म्हणजे कागदापेक्षा थोड्या जाड कापावर, अख्खी पीएचडी करून बसली आणि आजही त्याबद्दल बोलताना तिचे डोळे लखलखतात. आणि पापणी मिटलेल्या बाईला खुर्चीवर बसवून, वर बघत राहा म्हणत मिनिटभर तिच्या पापण्यांकडे बघणं, ही न्यूरॉलॉजी. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी, तीन वर्षं डीएम, म्हणजे न्यूरॉलॉजीची पुढची पदवी, मध्ये प्रवेशपरीक्षांची वर्षं गेली तर ती वेगळी. या वाटेवर माणूस पंचविशी-तिशी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये घालवतो. माझ्या मैत्रिणींची लग्नं, बारशी, घरभरण्या मी फोटोत पाहिल्या. त्याचं दुःख अजूनही आहे, पण त्या वर्षांबद्दल कुणी विचारलं तर मी पुन्हा त्याच रांगेत उभी राहीन असंच सांगेन.

मेंदू हातात घेतल्याचा पहिला दिवसही सांगायला हवा, कारण मुलं हमखास तो विचारतात. डिसेक्शन हॉलमधला मेंदू फॉर्मलिनने घट्ट झालेला असतो, डोळ्यांतून पाणी काढणारा. खरा ताजा मेंदू मी नंतर एका पोस्टमॉर्टेमच्या वेळी पाहिला. तो खरवसासारखा असतो, बोटाखाली दबणारा, तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. त्यात सुमारे 86 अब्ज चेतापेशी. बेंगळूरच्या निमहान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत 1995 पासून मेंदूची पेढी आहे, आणि तिथल्या संग्रहालयात बाहेरच्या लोकांनाही खरा मेंदू हातात घेऊन बघता येतो. घरच्यांनी दान दिलेले मेंदू त्या पेढीत आहेत. कुणाचा तरी माणूस गेलेला असतो, आणि त्या घडीला, मातीची तयारी चालू असताना, घरातलं कुणीतरी सही करतं. संशोधन म्हटलं की आपल्याला यंत्रं आठवतात. मला त्या सह्या आठवतात.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती यंत्रात सापडत नाही. न्यूरॉलॉजीत, निदान फिटच्या बाबतीत, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न फार साधा आहे. त्या वेळी जवळ कोण होतं? फिट आलेल्या माणसाला स्वतःला काही आठवत नाही. तो दवाखान्यात येतो तेव्हा चांगला असतो. एमआरआय कधी स्वच्छ असतो, ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, कधी स्वच्छ असतो. आजार असतो तो बघणाऱ्याच्या डोळ्यांत. आणि आमच्या भागात बघणारी पुष्कळदा बायको असते किंवा आई, जिला डॉक्टरसमोर बोलायची सवय नसते, आणि जिला कुणी खुर्ची दिलेली नसते.

अशी एक बाई निपाणीच्या ओपीडीत आली होती, नवऱ्याला घेऊन. त्याच्या फाईलमध्ये ठिकठिकाणच्या चिठ्ठ्या, कुठे गॅस, कुठे टेन्शन, कुठे नुसतंच चक्कर. तो म्हणाला, "मला काय होत न्हाई, हीच घाबरती." मी तिला विचारलं, तुम्ही काय बघितलं? ती म्हणाली, "मी सांगतो, पर मला नीट सांगाय येत न्हाई." म्हटलं, सांगू नका, करून दाखवा. ती लाजली. दाराबाहेर रांग होती, पडदा धड मिटत नव्हता. मग ती उठली. आधी तिने नजर एका जागी थांबवली. तोंडाने काहीतरी चघळल्यासारखं केलं, ओठांचा मिटक्या मारल्यागत आवाज. उजवा हात शर्टाची गुंडी सारखी चाचपत राहिला. आणि डावा हात हळूहळू मनगटात वळला, बोटं ताठ झाली, तो तसाच वेडावाकडा धरून ती उभी राहिली. मिनिटभर. मग सैल होऊन म्हणाली, "आसं. आनी बोलत्यात पन, 'व्हय व्हय' म्हनत्यात, पर ते त्येंचं न्हवं. मी हलवून बघितलो." खोलीत कुणी काही बोललं नाही. नवरा तिच्याकडे बघत होता. स्वतःला काय होतं ते त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं.

तिने निदान जवळजवळ पूर्ण सांगून टाकलं होतं. मिटक्या आणि चाचपणं म्हणजे फिट टेम्पोरल लोबमधली, कानाच्या आतल्या बाजूची. डावा हात वळतो म्हणजे सुरुवात बहुधा उजव्या बाजूला, कारण मेंदूच्या बाजू उलट्या चालतात. फिट चालू असताना शब्द फुटतात म्हणजे भाषेची बाजू, जी बहुतेकांत डावी असते, ती सुटलेली आहे. एमआरआय पुढे झाला. उजवा हिप्पोकॅम्पस, म्हणजे टेम्पोरल लोबच्या आतला एक भाग, आकसलेला, चट्टा पडलेला. त्या बाईने भर ओपीडीत उभं राहून आपल्या हातांनी जी जागा दाखवली होती, तीच.

हिप्पोकॅम्पस आठवणी घडवतो हे जगाला कळलं तेही अशाच एका रोग्यामुळे. 1953 मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाच्या फिट थांबाव्यात म्हणून दोन्ही बाजूंचा तो भाग काढला. फिट खूप कमी झाल्या, पण त्याची नवी आठवण बनणंच थांबलं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, आणि दर वेळी तो त्यांना नव्याने भेटत असे. तो 2008 मध्ये गेला. न्यूरोसायन्सच्या पुस्तकातल्या स्मृतीच्या प्रकरणावर त्याचा फार मोठा उपकार आहे, आणि ते त्याला कधी आठवणीत ठेवता आलं नाही. शिकवताना इथे माझा आवाज अजूनही जड होतो.

फिटबद्दल आणखी लिहिलं पाहिजे, कारण आमच्याकडे आजारापेक्षा त्याची लपवालपवी जास्त माणसं मारते. फिट आली की चप्पल हुंगवतात, कांदा फोडतात, दातात चमचा घालतात. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते, म्हणून चपलेला यश मिळतं. माणसाला कुशीवर करायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांच्या वर गेली तर गाडी बोलवायची, इतकंच करायचं असतं. आणि लग्न. मुलीला फिट येते हे लपवून लग्न होतं, सासरी गोळ्या लपवून खायच्या म्हणजे त्या चुकतात, चुकल्या की चुलीपुढे किंवा आडावर फिट येते. हिंदू विवाह कायद्यात वारंवार फेफरं येणं ही लग्नाच्या आड येणारी अट म्हणून लिहिलेली होती. 1999 च्या दुरुस्तीत ती काढली. कायद्यातून गेली. निपाणी, खानापूर, हुक्केरी कुठेही स्थळ बघायला बसलेल्या घरात ती अजून आहे. आईबाप मला बाजूला घेऊन विचारतात, "सांगायला पाहिजेच काय?" मी दर वेळी सांगते, सांगा. आणि दर वेळी माझ्या पोटात कालवाकालव होते, कारण सांगितल्यावर काय होतं तेही मी बघितलेलं असतं.

अंगावरून वारं गेलं, असं घरचे म्हणतात तेव्हा मात्र मला घड्याळ दिसायला लागतं. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब 2006 मध्ये मांडला गेला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन बघून. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. पण कार्ड कर्नाटकाचं, ओळखीचा डॉक्टर महाराष्ट्रातला, लेक बेळगावात, भाऊ कागलला. कुठं न्यायचं यावर अंगणात चर्चा चालू असते आणि खाटेवरचा माणूस तोंड वाकडं करून ती ऐकत असतो. त्यात कुणीतरी सांगतं, अमुक गावात लकव्याचं झाडपाल्याचं औषध देतात. त्या लोकांवर मला राग धरता येत नाही. दुखतं खुपतं त्या वेळी जो माणूस त्यांच्याशी बसून बोलला, त्याच्याकडे ते जातात.

आणि बोलणं म्हटलं की आमच्या भागात ते कधी एका भाषेत होत नाही. माझी ओपीडी "काय होतंय मामा?" आणि "एन आतरी?" या दोन वाक्यांवर चालते, मध्ये मध्ये उर्दू. पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसाला दोन भाषा असतील तर आधी कुठली परत येते? फ्रान्सचे मानसशास्त्रज्ञ रिबो 1881 मध्ये म्हणाले, जी आधी शिकली ती. तिथलेच डॉक्टर पित्रेस 1895 मध्ये म्हणाले, जी जास्त वापरात होती ती. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक येत होते, घर मराठी, सगळी नोकरी कन्नड शाळेत. आधी त्यांची कन्नड परतली, वर्गातली, आज्ञेची. "कुळितको," बस म्हणून ते बायकोला सांगायचे आणि ती माउली पदर तोंडाला लावून खरोखर बसायची. दुसऱ्या एकीची दोन्ही बरोबरीने आली. नियम सगळ्यांना लागू पडत नाही, हे पुस्तकं पण मान्य करतात.

हैदराबादला सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रोग्यांचा अभ्यास केला होता, 2013 मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन भाषा बोलणाऱ्यांना आजार साधारण साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला होता, अगदी निरक्षरांमध्येसुद्धा. परदेशातल्या सगळ्या अभ्यासांत असा फरक दिसलेला नाही, त्यामुळे एवढ्यावर नाचायचं कारण नाही. पण शनिवारच्या बाजारात मिरचीवाली एका गिऱ्हाइकाशी मराठीत भांडते, दुसऱ्याला कन्नडात वजन सांगते आणि तिसऱ्याला हिंदीत उधारी नाकारते, तेव्हा मी तिच्याकडे त्या अभ्यासाच्या डोळ्यांनी बघते. आपल्या इथे भाषा म्हटलं की छातीत काहीतरी आवळतं. माझ्याही आवळतं, मी या मातीतली आहे, आणि माझं मराठी शिक्षण कसं कसं तुटत गेलं ते मला माहीत आहे. पण त्या मिरचीवालीच्या डोक्यात जे रोज घडतंय ते जपण्यासारखं आहे, हेही मला तितकंच वाटतं.

आता त्या मुलीच्या आईचं. तिला सांगायचं ते मला आता नीट सुचतं. मावशी, ती परत येईल की नाही हे मला सांगता येणार नाही, आणि तिने यायलाच पाहिजे अशी अट घालूनही पाठवू नका. प्रयोगशाळेत रमली तर बेंगळूर, पुणे, कदाचित त्याहून लांब राहील, आणि तिथे तिने शोधलेलं काहीतरी तुमच्या गावातल्या कुणाच्या तरी गोळीत येईल. डॉक्टर झाली आणि आली तर तिला इथे अशी एक गोष्ट कामी येईल जी तिने कुठल्याच कॉलेजात शिकलेली नसेल. 'कसंनुसं होतंय' म्हणताना माणूस हात छातीवर ठेवतो की कपाळावर, सासूसमोर सून काय बोलणार नाही, ऊसतोडीच्या दिवसांत गोळ्या का चुकतात, हे तिला विचारावं लागणार नाही. बाहेरून आलेला हुशार डॉक्टर हे शिकतो, मी शिकलेले पाहिले आहेत, पण त्याला वर्षं लागतात. तुमच्या लेकीकडे ते आत्ताच आहे. तुमच्याकडूनच आलंय. मी स्वतः आले ती काही त्याग म्हणून नाही. मला रोगी जे सांगतो ते इथे सगळ्यात नीट ऐकू येतं, म्हणून आले. मोठ्या शहरातली यंत्रं, ग्रंथालयं, सकाळच्या केसवरच्या चर्चा यांची आठवण येत नाही असा आठवडा जात नाही. दोन्ही खरं आहे.

निपाणीचं ते जोडपं अजून येतं. दोन औषधं योग्य मात्रेत देऊनही त्याच्या फिट पूर्ण थांबलेल्या नाहीत, म्हणजे आता ऑपरेशनचा विचार करायला हवा. अशा रोग्यांवर कॅनडात झालेला अभ्यास 2001 मध्ये आला. वर्षभरात भान हरपणाऱ्या फिट पूर्ण थांबल्या त्या ऑपरेशनवाल्या गटात 58 टक्क्यांच्या, नुसत्या औषधवाल्या गटात 8 टक्क्यांच्या. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत 1995 पासून ही ऑपरेशनं होतात, बेंगळूरलाही होतात. मोलेसनची गोष्टही मी दोघांना सांगितली, तेव्हा दोन्ही बाजू काढल्या होत्या, आता एकच काढतात आणि आधी सगळ्या चाचण्या करतात, हे चित्र काढून समजावलं. तो म्हणतो, ऊस कारखान्याला गेला की बघू. ती म्हणते, आधी डोस्क्याचं, मग उसाचं. पुढच्या महिन्यात दोघांना परत बोलावलंय, येताना थोरल्या भावालाही आणा म्हटलंय, कारण पैशाचं आणि सोबतीचं त्याच्याशी बोलायला लागेल. तोवर गोळी एकही चुकवायची नाही, विहिरीवर एकट्याने जायचं नाही, आणि मोटारसायकलची किल्ली तिच्याकडे राहील.